दोन कोटी डॉलरचा फॉरवर्ड आणि शून्य गोल: रिकार्डो पेपीचं प्रकरण

एका क्लबने आपल्या इतिहासातला सगळ्यात महाग खेळाडू घेतला, दीड वर्ष तो कागदोपत्री त्यांचाच राहिला, आणि त्या पोराने त्यांच्यासाठी बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, एकही गोल केला नाही. एकही म्हणजे एकही. १५ मॅच, ० गोल. क्लब ऑग्सबर्ग, पोरगा रिकार्डो पेपी, किंमत बोनस वगैरे धरून साधारण २ कोटी डॉलर अशी तेव्हा सगळीकडे छापून आलेली. आणि हाच पोरगा पुढे नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोवनसाठी चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या मिनिटाला मॅच फिरवणारा म्हणून ओळखला जायला लागला. म्हणजे मधल्या काळात पोराचे पाय बदलले का? तर नाही. मग बदललं काय, हे नीट उलगडून बघावं म्हणून हे लिहितोय, कारण अमेरिकन फुटबॉलबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात, एक "त्यांना कुठे येतं फुटबॉल" आणि दुसरा "पुलिसिक (त्यांचा स्टार खेळाडू) भारी आहे", आणि पेपीचं प्रकरण या दोन्हीत बसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेपीचा जन्म ९ जानेवारी २००३, टेक्सासमधल्या एल पासोचा. वाढला सॅन एलिझारिओ नावाच्या गावात, मेक्सिकोची सीमा तिथून अगदी हाकेच्या अंतरावर, आईवडील मूळचे मेक्सिकन. २०१६ मध्ये एफसी डॅलसच्या अकॅडमीत आला. डॅलसची अकॅडमी म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात चांगल्या दोन-तीनपैकी एक, वेस्टन मॅकेनी तिथलाच, ख्रिस रिचर्ड्स तिथूनच बायर्नला गेला. मॅकेनीची गोष्ट डॅलसवाल्यांना चांगलीच झोंबलेली कारण तो २०१६ ला सीनियर करार न करताच शाल्केला निघून गेला आणि क्लबच्या पदरात ट्रान्सफरचा एक पैसा पडला नाही. त्यामुळे पुढच्या पोरांशी लवकर करार करायचा आणि मग विकायचं हे डॅलसचं धोरणच होऊन बसलं. पेपीशी होमग्रोन, म्हणजे अकॅडमीतल्या पोराला थेट सीनियर टीममध्ये घेणारा, करार २०१९ च्या जूनमध्ये झाला, तेव्हा तो १६ वर्षांचा.

त्याच वर्षी डॅलसची दुसरी टीम, नॉर्थ टेक्सास, खालच्या यूएसएल लीग वनमध्ये नव्याने उतरली आणि पहिल्याच मॅचला पेपीची हॅट्रिक. त्या सीझनला लीगही नॉर्थ टेक्सासनेच जिंकली. २०२० च्या प्लेऑफमध्ये पोर्टलँडविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये त्याने बरोबरी साधून दिली आणि डॅलस पेनल्टीवर पुढे गेलं. मग आलं २०२१. जुलैमध्ये एलए गॅलक्सीविरुद्ध हॅट्रिक, वय १८ वर्षं १९६ दिवस, एमएलएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य लीगच्या, इतिहासात इतक्या लहान वयात कुणी केली नव्हती. ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या लीगा एमएक्सच्या ऑल-स्टार टीमविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधली शेवटची, जिंकून देणारी पेनल्टी यानेच मारली. सीझनमध्ये १३ गोल आणि वर्षाचा सर्वोत्तम युवा खेळाडू. डॅलसवाले त्याला "एल ट्रेन" म्हणायचे.

इथपर्यंत सगळं ठीक. खरी गडबड सुरू होते ती राष्ट्रीय टीमपासून.

अमेरिका २०१८ च्या वर्ल्ड कपला पात्रच ठरली नव्हती, त्रिनिदादमध्ये हरून बाहेर, ती जखम ताजी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये नवीन पात्रता फेरी सुरू झाली आणि पहिल्या दोन मॅच ड्रॉ, एल साल्वादोरशी ०-० आणि कॅनडाशी १-१, पेपरवाले कोच ग्रेग बरहाल्टरच्या मागे लागलेले. तिसरी मॅच ८ सप्टेंबरला होंडुरासमध्ये, सॅन पेद्रो सुला, हाफटाइमला ०-१ ने मागे. पेपीने नुकतंच मेक्सिको सोडून अमेरिकेची निवड केली होती आणि ही त्याची पहिलीच मॅच. सेकंड हाफमध्ये अमेरिकेने चार मारले, त्यात ७५ व्या मिनिटाला पेपीचं हेडर आणि नंतरच्या दोन्ही गोलांतही त्याचा पाय. ४-१. पुढच्या महिन्यात ७ ऑक्टोबरला ऑस्टिनमध्ये जमैकाविरुद्ध २-०, दोन्ही गोल पेपीचे. बास, देशाने पोराला डोक्यावर घेतलं. जोझी आल्टिडोरनंतर अमेरिकेला धड नऊ नंबर, म्हणजे गोल मारणं हेच मुख्य काम असलेला पुढचा माणूस, मिळालाच नव्हता, जॉश सार्जेंट होता पण गोल होत नव्हते, म्हणून १८ वर्षांच्या पोराच्या तीन गोलांवर अख्ख्या देशाने वर्ल्ड कपचं गणित मांडून टाकलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या जी बहुतेक लोक विसरतात. ७ ऑक्टोबर २०२१ चे ते दोन गोल, त्यानंतर पेपीने क्लब किंवा देश, कुणाकडूनही गोल केला तो थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ एक वर्ष. म्हणजे दुष्काळ जर्मनीत सुरू झाला नाही, तो डॅलसमध्येच सुरू झाला होता. २०२१ च्या शेवटच्या आठवड्यांत पोरगा दमलेला दिसत होता, क्लबची अख्खी सीझन, मध्ये राष्ट्रीय टीम, विमानप्रवास, वय १८. डॅलस त्या वर्षी प्लेऑफलाही गेलं नाही त्यामुळे त्यांची सीझन नोव्हेंबरमध्येच संपली. साधं डोकं असतं तर म्हणालं असतं की याला दोन महिने सुट्टी द्या, उन्हाळ्यात नीट प्रीसीझन करून पाठवा. पण झालं उलटं.

जानेवारीतच का?

यात तीन पक्ष होते आणि तिघांचीही आपापली कारणं होती, आणि गंमत अशी की एकेकाचं कारण वेगळं काढून बघितलं तर कुणीच मूर्खपणा केलेला नाही.

डॅलसचं सोपं होतं. पोराची किंमत शिखरावर होती, सहा महिने थांबलो आणि गोल आटले तर निम्मी होईल, शिवाय मॅकेनीचा अनुभव गाठीशी. विकणं बरोबरच होतं. मी त्या जागी असतो तर मीही विकला असता.

पेपी आणि त्याच्या एजंटचं कारण म्हणजे नोव्हेंबर २०२२ चा कतार वर्ल्ड कप. युरोपात जाऊन खेळत असशील तरच तुझी जागा पक्की, असं त्या वेळी अमेरिकेत सगळेच बोलत होते, कोचच्या निवडीतही ते दिसायचं. आणि त्याआधी युरोपात जाणं त्याला शक्यच नव्हतं कारण फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर होत नाही, काही अपवाद सोडून. पुलिसिककडे क्रोएशियाचा पासपोर्ट होता म्हणून तो लवकर डॉर्टमुंडला खेळू शकला, पेपीकडे तसलं काही नव्हतं. १८ पूर्ण झाले जानेवारी २०२१ ला, मग एक सीझन, आणि मग जायचंच. जर्मनीच का, तर बुंडेसलिगात युरोपबाहेरच्या खेळाडूंची संख्या ठरवून देणारा कोटा नाही, म्हणून अमेरिकन पोरांचा ओढा तिकडे आधीपासूनच आहे.

आणि ऑग्सबर्ग. बायर्नच्या सावलीतला छोटा क्लब, २०११ मध्ये पहिल्यांदा बुंडेसलिगात आला आणि तेव्हापासून बहुतेक वर्षं रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जायच्या, दारात उभा राहून कसाबसा वाचतो. २०२१ मध्ये तिथे अमेरिकन पैसा आला, डेव्हिड ब्लिट्झर नावाचा गुंतवणूकदार, आणि काही महिन्यांतच क्लबने अमेरिकेचा सगळ्यात गाजलेला पोरगा रेकॉर्ड किमतीत उचलला. त्याचा याच्याशी संबंध किती ते ज्याने त्याने ठरवावं. पण त्या जानेवारीत ऑग्सबर्ग तळाला घुटमळत होतं आणि त्यांना गोल हवे होते, उद्या नाही, आत्ता. माझ्या मते चूक झाली ती इथे. ज्या क्लबला पुढच्या शनिवारी पॉइंट हवेत त्याने जेमतेम १९ च्या, दुसऱ्या खंडातून येणाऱ्या, दमलेल्या पोरावर तिजोरी रिकामी करायची नसते. त्या पैशात दोन अनुभवी फॉरवर्ड आले असते.

३ जानेवारी २०२२ ला घोषणा, ८ जानेवारीला हॉफेनहाइमविरुद्ध पदार्पण. पाच दिवस. वाढदिवस दुसऱ्या दिवशी. प्रीसीझन नाही, भाषा नाही, टीममधल्या लोकांची नावं तरी पाठ झाली होती की नाही देव जाणे.

मग मैदानावर काय झालं

इथे पेपी कसा खेळाडू आहे ते सांगायला लागेल. तो चार जणांना चकवून गोल करणारा नाही. मैदानाच्या मध्यात बॉल घेऊन पळणाराही नाही. त्याचं काम पेनल्टी बॉक्समध्ये, दोन सेंटरबॅकच्या मधल्या फटीत किंवा जवळच्या पोस्टकडे, बॉल यायच्या अर्धा सेकंद आधी निघायचं आणि एका टचमध्ये मारायचा, पायाने नाहीतर डोक्याने. असल्या फॉरवर्डला बॉल लागतो. म्हणजे कुणीतरी विंगवरून क्रॉस टाकायला हवा, कुणीतरी बॉक्सच्या तोंडाशी पास सरकवायला हवा, आणि ते नव्वद मिनिटांत एकदा नाही तर सात-आठ वेळा व्हायला हवं, तेव्हा कुठे त्यातला एक आत जातो.

ऑग्सबर्गमध्ये नेमकं तेच नव्हतं. कोच मार्कुस वाइनझीर्लची टीम मागे बसायची, बॉल बहुतेक वेळ समोरच्यांकडे, मिळाला की लांब भिरकवायचा आणि पुढच्या माणसाने दोन तगड्या डिफेंडरांना पाठीवर घेऊन तो खाली उतरवायचा, नाही उतरला तर धावत जाऊन प्रेस करायचं. या कामाला शरीर लागतं आणि बुंडेसलिगाची सवय लागते. ग्रेगोरिच, निडरलेख्नर, फिनबोगासन ही तिथली तयार माणसं, ते काम त्यांना जमायचं, पेपीला नाही. पेपी बॉक्समध्ये जाऊन उभा राहायचा आणि बॉल यायचाच नाही. कधी सुरुवातीला खेळवला, कधी शेवटची वीस मिनिटं, आणि मग हळूहळू तेही कमी. ११ बुंडेसलिगा मॅच झाल्या त्या अर्ध्या सीझनमध्ये, गोल शून्य. ऑग्सबर्ग १४ व्या नंबरवर राहून वाचलं, आणि शेवटच्या दिवशी वाइनझीर्लने जातो म्हणून सांगून टाकलं. म्हणजे ज्या कोचच्या हाताखाली पोराला आणलं तो कोच पाच महिन्यांत गायब.

नवा कोच एन्रिको मासेन. उन्हाळ्यात क्लबने डेमिरोविचला आणलं, ऑगस्टच्या शेवटी बेरिशालाही, दोघंही तयार फॉरवर्ड. पेपीने नव्या सीझनमध्ये लीगच्या आणखी ४ मॅच खेळल्या आणि चित्र स्पष्ट झालं की इथे आता आपल्याला जागा नाही.

आपल्याकडे आयपीएल ऑक्शनमध्ये एखाद्या पोरावर दहा-पंधरा कोटी लागतात आणि मग तो पाणी घेऊन धावताना दिसला की लोक त्याच्या किमतीवरून त्याला धुतात, जणू बोली त्यानेच लावली होती, पेपीचं अगदी तसंच झालं. "फ्लॉप" हा शब्द १९ व्या वर्षी चिकटला.

ग्रोनिंगेन: खालची पायरी

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, वर्ल्ड कप तीन महिन्यांवर असताना, पेपी लोनवर, म्हणजे सीझनपुरता उसना, नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला गेला. हा क्लब उत्तरेकडचा, पैसा बेताचा, कोच फ्रँक वोरमुट जर्मन. टीम काही खास नव्हती, उलट वाईटच होती, पण दोन गोष्टी पक्क्या होत्या, नऊ नंबर तोच असणार आणि डच लीगमध्ये बॉल बॉक्सपर्यंत पोचतो. तिथे कमकुवत टीमही खेळायला बघते, विंगर ठेवते, मैदान मोकळं असतं.

बरं ही लोन स्वस्तातलीही नसते. युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूला नेदरलँड्समध्ये ठरावीक किमान पगार द्यावाच लागतो आणि तो लीगच्या सरासरीपेक्षाही बराच वर असतो, वीसच्या खालच्यांना बरीच सूट आहे, म्हणून ग्रोनिंगेनसारख्या क्लबला बाहेरचा पोरगा आणायचा म्हणजे विचार करावा लागतो. पेपी तेव्हा १९ चा होता हे सोयीचं पडलं असणार.

सप्टेंबरमध्ये स्पार्टा रॉटरडॅमविरुद्ध गोल. सुटला एकदाचा. त्यानंतर गोल येत राहिले आणि नोव्हेंबरपर्यंत ग्रोनिंगेनच्या वाईट सीझनमध्ये बघण्यासारखं काही असेल तर तो पेपीच होता.

आणि ९ नोव्हेंबरला वर्ल्ड कपची टीम जाहीर झाली, त्यात पेपी नाही.

बरहाल्टरने सार्जेंट, हेसूस फेरेरा आणि हाजी राइट असे तीन घेतले. फेरेरा तर डॅलसमधला पेपीचाच जोडीदार, २०२२ च्या एमएलएस सीझनमध्ये १८ गोल केलेला, राइट तुर्कीत आंताल्यास्पोरकडून मारत होता, सार्जेंट नॉर्विचकडून. कागदावर तिघांचीही बाजू मांडता येते. तरी मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, कारण सप्टेंबरमध्ये सौदीविरुद्धच्या त्या रटाळ ०-० मैत्री सामन्यात, जिथे अख्खी टीम झोपलेली होती, तिथे पेपीला जोखलं गेलं आणि क्लबमध्ये दर आठवड्याला तो काय करतोय ते बाजूला राहिलं. कतारमध्ये अमेरिकेने चार मॅचमध्ये तीन गोल केले, वेआ, पुलिसिक आणि राइट. त्यातला फॉरवर्डचा म्हणावा असा एकच, नेदरलँड्सविरुद्ध राइटचा, तोही पायाला लागून उडालेला बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून गेला असला. ती मॅच ३-१ ने हरून बाहेर. म्हणजे ज्या वर्ल्ड कपसाठी सगळी घाई केली, जानेवारीत पोराला जर्मनीत ढकललं, तो वर्ल्ड कप त्याने टीव्हीवर बघितला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच, फक्त इथे उतावळे तिघं होते आणि लग्न मोडलं ते पोराचं.

पण पुढचं बघा. ग्रोनिंगेनने वोरमुटला नोव्हेंबरमध्येच काढलं, टीम घसरत घसरत पार तळाला गेली, मे २०२३ मध्ये आयाक्सविरुद्धची घरची मॅच तर प्रेक्षकांनी मैदानात धुराच्या कांड्या फेकल्या म्हणून काही मिनिटांतच बंद करावी लागली. क्लब खालच्या डिव्हिजनला गेला. आणि असल्या टीममध्ये राहून पेपीचे लीगचे गोल किती, तर २९ मॅचमध्ये १२. वर्षभर हरणाऱ्या टीमचा नऊ नंबर म्हणजे दर रविवारी शिव्या खायच्या, तरी पोरगा खेळत राहिला, आणि खेळत राहिला हेच महत्त्वाचं. रेलिगेट झालेल्या टीमकडून १२ गोल आणि वरच्या टीमच्या बेंचवर बसून २ गोल, यातलं काय निवडशील असं कुणी विचारलं तर बहुतेक लोक दुसरं म्हणतील कारण ते नाव चांगलं दिसतं. पेपीचं करिअर वाचवलं ते पहिल्याने.

वर्ल्ड कपनंतर बरहाल्टर नव्हता, तात्पुरता कोच अँथनी हडसन आला आणि मार्च २०२३ मध्ये पेपी परत. ग्रेनाडाविरुद्ध दोन, तीन दिवसांनी एल साल्वादोरविरुद्ध सबस्टिट्यूट म्हणून उतरून विजयी गोल. जूनमध्ये लास वेगासला नेशन्स लीगची सेमीफायनल मेक्सिकोशी, ३-०, पुलिसिकचे दोन आणि तिसरा पेपीचा. सीमेवर वाढलेल्या, मेक्सिको नाकारलेल्या पोराला हा गोल किती गोड लागला असेल ते वेगळं सांगायला नको. पण त्याच स्पर्धेत फोलारिन बलोगनही आला, न्यूयॉर्कला जन्मलेला आणि लंडनला वाढलेला, इंग्लंड सोडून अमेरिकेकडे वळलेला, आणि फायनलमध्ये कॅनडाविरुद्ध त्याने गोल केला. म्हणजे जागा पुन्हा वाटून घ्यायची.

पीएसव्ही आणि बेंचचा प्रश्न

जुलै २०२३. ऑग्सबर्गने पेपीला पीएसव्हीला विकलं, साधारण ९० लाख युरो अधिक बोनस असा आकडा बाहेर आला, म्हणजे घेतला त्यापेक्षा कितीतरी कमी. ऑग्सबर्गसाठी तोट्याचा सौदा, पूर्णविराम. पीएसव्हीत तेव्हा अर्नी स्टुअर्ट नावाचा माणूस फुटबॉलचा कारभार बघत होता, जो त्याच्या आधी अमेरिकन फेडरेशनमध्ये हेच काम करायचा, त्यामुळे या पोराचा अख्खा आलेख त्याला तोंडपाठ असणार. मॅलिक टिलमन आणि सर्जिनो डेस्टही त्याच उन्हाळ्यात तिथे पोचले.

आता इथे पेपीने वरवर बघता उलटं पाऊल टाकलं. ग्रोनिंगेनला खेळायला मिळत होतं, पीएसव्हीला लुक दे योंग होता, कॅप्टन, ३३ वर्षांचा, बॉक्समधला राजा, त्या सीझनमध्ये लीगमध्ये २९ गोल मारलेला. त्याला बसवून पेपीला खेळवेल असा कोच जन्माला यायचाय. कोच पीटर बॉसनेही खेळवलं नाही. २०२३-२४ मध्ये पेपी बहुतेक मॅचला शेवटी उतरायचा, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. लीगमध्ये ७ गोल. मग हे ऑग्सबर्गपेक्षा वेगळं कसं?

वेगळं असं की त्या पीएसव्हीने त्या वर्षी ३४ मॅचमध्ये १११ गोल केले. एक मॅच हरले फक्त. अशा टीममध्ये पंधरा मिनिटं मिळाली तरी बॉक्समध्ये तीन-चार वेळा बॉल येतो, समोरचे डिफेंडर दमलेले असतात, आणि पेपीचं काम नेमकं तिथे सुरू होतं. ऑग्सबर्गला नव्वद मिनिटांत जितके चान्स नव्हते तितके इथे पंधरा मिनिटांत. शिवाय दे योंगसारख्या माणसाबरोबर रोज प्रॅक्टिस, तो उडी कधी मारतो, डिफेंडरला हाताने कसा अडवतो, हे सगळं दोन फुटांवरून बघायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. मला सुरुवातीला वाटायचं की हा इथे वाया जाणार, २० व्या वर्षी कुणी बॅकअप होतं का, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सेव्हियाची मॅच झाली.

सेव्हियाच्या मैदानावर पीएसव्ही ०-२ ने मागे. सैबारीने एक काढला, मग एक सेल्फ गोल, २-२, आणि ९२ व्या मिनिटाला क्रॉसवर पेपीचं हेडर. ३-२, पीएसव्ही बाद फेरीत. पुढच्या वर्षी त्याहून भारी. २७ नोव्हेंबर २०२४, शाख्तारविरुद्ध घरच्या मैदानावर ८७ व्या मिनिटापर्यंत ०-२. टिलमनने ८७ व्या मिनिटाला फ्रीकिकवर मारला, ९० व्या मिनिटाला पुन्हा टिलमन, आणि ९५ व्या मिनिटाला पेपी. चॅम्पियन्स लीगमध्ये आठ मिनिटांत तीन गोल आणि तिन्ही अमेरिकन पोरांचे, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते सगळे.

त्या २०२४-२५ सीझनला तो दे योंगच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता. जानेवारीपर्यंत लीगच्या १८ मॅचमध्ये ११ गोल, आणि त्यातल्याही कित्येक बेंचवरून. राष्ट्रीय टीमला आता मॉरिसिओ पोचेटिनो होता, त्याच्या हाताखाली नोव्हेंबरमध्ये जमैकाविरुद्ध दोन्ही लेगमध्ये पेपीचा गोल. जमैका त्याला लाभतं असं दिसतंय. जानेवारी २०२५ मध्ये पीएसव्हीने करार २०३० पर्यंत वाढवला.

आणि मग त्याच महिन्यात, २९ जानेवारीला, लिव्हरपूलविरुद्ध. त्यांचा कोच स्लॉटने मोठी नावं घरी ठेवली होती, तरी लिव्हरपूल ते लिव्हरपूल, पीएसव्ही ३-२ ने जिंकलं आणि तिसरा, म्हणजे जिंकून देणारा गोल पेपीचा. त्याच मॅचमध्ये गुडघा गेला. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी. ऑपरेशन, उरलेला सीझन संपला. पीएसव्हीने त्यानंतर शेवटच्या पाच मॅच बाकी असताना ९ पॉइंटने पुढे असलेल्या आयाक्सला गाठून एका पॉइंटने लीग जिंकली, पेपी त्या शर्यतीत मैदानावर नव्हता. मार्चमध्ये अमेरिका नेशन्स लीगच्या सेमीफायनलला पनामाकडून ०-१ ने हरली तेव्हाही नव्हता, उन्हाळ्यातल्या गोल्ड कपलाही नव्हता.

याला नशीब म्हणायचं का? मला तरी दुसरं काही म्हणता येत नाही. ऑग्सबर्गला जे झालं त्याला कारणं होती, माणसांनी घेतलेले निर्णय होते, गुडघा म्हणजे गुडघा.

एक मुद्दा राहिला. काहीजण म्हणतात की डच लीग म्हणजे फसवी, तिथे कुणीही गोल मारतो, आल्टिडोरनेही आझेड अल्कमारला ढीगभर मारले आणि मग संडरलंडला जाऊन आटला. उदाहरण खरं आहे. पण ते पेपीच्या विरोधात नाही, बाजूनेच जातं. आल्टिडोर संडरलंडला गेला म्हणजे पुन्हा ऑग्सबर्गच झालं, तळाला झुंजणारी टीम, बॉल पुढे येईना, आणि सगळा दोष नऊ नंबरच्या माथी. लीग कठीण की सोपी हा प्रश्न अर्धाच आहे, उरलेला अर्धा म्हणजे त्या लीगमध्ये तू कुठल्या टीमला जातोस. शिवाय सेव्हिया, शाख्तार, लिव्हरपूल हे काही डच क्लब नाहीत.

२०२५ च्या उन्हाळ्यात दे योंग पोर्टोला गेला. पेपी हळूहळू परतला, ऑक्टोबरमध्ये पीएसव्हीने नापोलीला ६-२ ने तुडवलं त्यात एक त्याचा, डिसेंबरमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २-३ ने हरले त्यातही एक त्याचा. राष्ट्रीय टीमला बलोगन आहे, राइट आहे, म्हणजे तिथे रांग आहेच. २०३० पर्यंतच्या करारामुळे पीएसव्हीला त्याला स्वस्तात सोडायची गरज नाही, त्यामुळे पुढची ऑफर येईल ती पुन्हा मोठ्या आकड्याची असेल, बहुधा इंग्लंडमधून, आणि बहुधा टेबलच्या मधल्या किंवा खालच्या भागातल्या क्लबकडून, कारण वरच्यांकडे नऊ नंबर असतात. तेव्हा मी आकडा नंतर बघेन, आधी त्या टीमचे फुलबॅक आणि विंगर कोण आहेत आणि आठवड्याला किती क्रॉस टाकतात ते बघेन, आणि ट्रान्सफर जानेवारीतली असेल तर अजून दोनदा बघेन.